माती तपासायला दिली: लॅब चांगली, काउंटर रामभरोसे

वाळूजच्या कारखान्यांकडं नाल्याच्या पाण्यावर पालक घेतो, म्हणून माती दिली. साध्या रिपोर्टात जस्त, लोह, तांबं, मँगनीज एवढंच येतं. शिसं-कॅडमियम या विषारी धातूंचे पैसे वेगळे, अन् ते कुणी आपणहून सांगत नाही. काउंटरवरचा पोरगा मोबाईलातच गुंग!

आतल्या मॅडम मात्र एक नंबर. गंजकं खुरपं नको, लाकडी काडीनं माती काढा, असं आधीच बजावलं. शिसं बहुतेक मुळाशीच अडकतं, कॅडमियम पानात चढतं. त्या पानांचा रस मावा ही कीड पिते, माव्याला ढालकिडा (लेडीबर्ड) खातो, असं ते पुढं जातं, सगळं समजावलं. आपली काळी चुनखडीची माती कॅडमियम जरा धरून ठेवते म्हणे. तेवढाच दिलासा.

चार स्टार. व्हॉट्सअपवरचा रिपोर्ट धूसर येतो, छापील प्रत मागूनच घ्या.