सावली, झळाळी, रंगफाट: फोटोशॉप, गिंप की इंकस्केप?

अक्षरामागे सावली टाकणं फोटोशॉप, गिंप आणि इंकस्केप या चित्रं बनवायच्या तिन्ही प्रोग्राममध्ये दोन मिनिटांचं काम आहे. तिन्हींतून काढलेल्या पीएनजी फाइल शेजारी ठेवल्या, तर कोणती कुठली हे ओळखणं अवघड जाईल. फरक कळतो तो "मजकुरातला एक शब्द बदला" असा निरोप आल्यावर. म्हणून इफेक्ट किती छान दिसतो यावरून प्रोग्राम निवडू नका. केलेला इफेक्ट नंतर उघडून बदलता येतो का, ते आधी बघा.

सावली

फोटोशॉपमध्ये लेअर (चित्राचे एकावर एक असलेले थर) पॅनलवर लेअरच्या नावाशेजारच्या मोकळ्या जागेत डबल क्लिक करा (नावावरच क्लिक केलं तर नाव बदलायची चौकट उघडते) आणि ड्रॉप शॅडो निवडा. साधारण १०० पिक्सेल उंचीच्या अक्षरांसाठी डिस्टन्स ६, साइज १२, स्प्रेड ० आणि ओपॅसिटी (सावलीचा गडदपणा) ३५ टक्के हे आकडे सुरुवातीला पुरतात. ओपॅसिटी ७० च्या पुढे गेली की सावली मळकट डागासारखी दिसायला लागते. मजकूर बदलला तर सावली आपोआप नव्या अक्षरांमागे जाते.

इथे दोन गोष्टी हमखास गोंधळात पाडतात. एक म्हणजे यूज ग्लोबल लाइट ही खूण. ती चालू असताना एका लेअरचा कोन बदलला, की ही खूण असलेल्या सगळ्या लेअरच्या सावल्या फिरतात. सगळीकडे प्रकाश एकाच दिशेने हवा असेल तर ते सोयीचंच, पण एखादीच सावली वेगळी हवी असेल तर तिथली खूण आधी काढावी. दुसरी गोष्ट: फ्री ट्रान्सफॉर्मने अक्षरं तिप्पट केली तरी सावली ६ आणि १२ वरच राहते, त्यामुळे ती अचानक कंजूष वाटते. लेअर स्टाइलच्या मेनूत स्केल इफेक्ट्स आहे, ते त्यासाठीच.

गिंपमध्ये कोणती आवृत्ती आहे यावर सगळं अवलंबून आहे. २.१० मध्ये फिल्टर (इथे सावली हा फिल्टरच असतो) लावला की तो थेट पिक्सेलमध्ये मुरतो. नंतर मजकूर बदलायला गेलात तर लेअरवर केलेले बदल जातील अशी सूचना येते, आणि सावली खरोखरच जाते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून हे बदललं: फिल्टर लेअरला जोडलेला राहतो, लेअरसमोर एफएक्सची खूण दिसते आणि तिथून आकडे पुन्हा बदलता येतात. फक्त फिल्टरच्या खिडकीत मर्ज फिल्टर ही खूण चालू नाही ना, ते पाहून घ्या. जुनं गिंप वापरत असाल तर दुसरा काही विचार करण्याआधी ते अद्ययावत करा.

गिंपच्या ड्रॉप शॅडोत कोन आणि अंतर नसतं, एक्स आणि वाय असतात. फोटोशॉपमधलं ६ पिक्सेलचं तिरकं अंतर म्हणजे इथे साधारण एक्स ४, वाय ४. ओपॅसिटीही टक्क्यांत नाही. ३५ टक्क्यांसाठी ०.३५ लिहा. ब्लर रेडियसमध्ये मात्र फोटोशॉपचा १२ हा आकडा तसाच टाकू नका, सावली फारच पसरते. ५ किंवा ६ पासून सुरुवात करून वाढवत न्या.

इंकस्केपमध्ये फिल्टर्सच्या मेनूत शॅडोज अँड ग्लोज, त्यात ड्रॉप शॅडो. मजकूर मजकूरच राहतो, आणि वस्तू मोठी केली की सावलीही त्या प्रमाणात वाढते. लोगोसारख्या, वेगवेगळ्या आकारांत लागणाऱ्या कामाला हे फार उपयोगी पडतं. अडचण येते ती कडेला: मोठा ब्लर दिला की सावली एका सरळ रेषेत कापल्यासारखी दिसते. कारण असं की एसव्हीजीत (इंकस्केपच्या फाइलचा प्रकार) फिल्टरला काम करायला ठरावीक चौकट असते, मूळ नियमाप्रमाणे वस्तूच्या चारही बाजूंना १० टक्के जास्तीची, आणि त्याबाहेरचं काही रेखाटलंच जात नाही. फिल्टर एडिटरमध्ये फिल्टरच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये जाऊन सुरुवातीचे दोन्ही आकडे -०.५ आणि रुंदी-उंची २ करा, कापलेली कडा भरून येते.

झळाळी

निऑनसारखं चमकणारं अक्षर हवं असेल तर फोटोशॉपचं आउटर ग्लो एकटं अपुरं पडतं. खऱ्या निऑनला पांढरट गाभा, त्याला चिकटून गडद रंगाची अरुंद प्रभा आणि बाहेर फिकी, रुंद प्रभा असते. आउटर ग्लो एका लेअरला एकदाच लावता येतं. ड्रॉप शॅडो मात्र शेजारच्या अधिकच्या चिन्हाने अनेकदा लावता येते. तेव्हा तिचाच वापर करावा: डिस्टन्स ०, ब्लेंड मोड (खालच्या रंगात मिसळण्याची पद्धत) स्क्रीन आणि रंग हवा तो. पहिली साइज ८, ओपॅसिटी ९० टक्के. दुसरी साइज २५, ५० टक्के. तिसरी ६०, २५ टक्के. अक्षराचा रंग जवळपास पांढरा ठेवा. यात कंजूषपणा करून एकाच थरावर भागवलं तर अक्षर चमकत नाही, नुसतं धुरकटतं.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर हे काहीच दिसत नाही, आणि पुष्कळ जण सेटिंग चुकलं समजून आकडे वाढवत बसतात. स्क्रीन मोड खालचा रंग फक्त उजळ करतो. पांढरा आणखी उजळ व्हायचा कुठून? पार्श्वभूमी गडद करा.

गिंप ३.० मध्येही हीच युक्ती चालते: ड्रॉप शॅडो तीनदा लावा, एक्स आणि वाय ०. मात्र पुढचा फिल्टर आधीच्या सावलीसकट सगळ्याला लागतो, त्यामुळे थर एकमेकांवर चढून प्रभा जाड होते. ओपॅसिटी सुरुवातीपासूनच कमी धरा. इंकस्केपमध्ये अक्षराच्या तीन प्रती करून खालच्या दोघींना फिल अँड स्ट्रोकमधला ब्लर दिला की भागतं, पण मजकूर बदलला तर तिन्ही ठिकाणी बदलावा लागतो.

रंगफाट

लाल, हिरवा, निळा एकमेकांपासून किंचित सरकलेले, बिघडलेल्या पडद्यासारखे. इथे फोटोशॉप स्पष्टपणे पुढे आहे. कंट्रोल-जे ने लेअरची प्रत करा, प्रतीवर डबल क्लिक करून ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये चॅनेल्सपैकी जी (हिरवा) आणि बी (निळा) च्या खुणा काढा, मग मूव्ह टूल घेऊन बाणाच्या कळीने प्रत ५-६ पिक्सेल सरकवा. खुणांच्या जागी सी, एम, वाय, के दिसत असतील तर फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या शाईचे रंग) आहे. ती आधी आरजीबीत (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) आणा.

गिंपमध्ये रस्ता लांबचा आहे. आधी चित्र फ्लॅटन करा, म्हणजे सगळ्या लेअर एकत्र करा. मग कलर्समध्ये कंपोनंट्स, डिकंपोज, आरजीबी. तीन करड्या लेअरची नवी प्रतिमा उघडते. त्यातली लाल लेअर ऑफसेटने ६ पिक्सेल सरकवा आणि रिकंपोज करा. ऑफसेटमध्ये रॅप अराउंड निवडलेलं असेल तर उजवीकडून बाहेर पडलेली ६ पिक्सेलची पट्टी डावीकडे उगवते, म्हणून शेवटी ती कडा छाटायची तयारी ठेवा. हा इफेक्ट नंतर बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी जपा.

इंकस्केपमध्ये फक्त आकार आणि अक्षरांसाठी जमतं: शुद्ध लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या तीन प्रती, ब्लेंड मोड स्क्रीन, खाली काळा आयत. तिघी जिथे एकमेकींवर येतात तिथे पांढरं दिसतं. फोटोसाठी इंकस्केपच्या वाटेला जाऊ नका.

मग घ्यायचं काय?

फोटोंवर काम, रोज नवी डिझाइन आणि सतत होणारे बदल असतील तर फोटोशॉप. त्याचं वर्गणीचं ओझं रोजच्या वापरातच परवडतं. अधूनमधून पोस्टर किंवा थंबनेल करणाऱ्याने गिंप ३.० बिनधास्त घ्यावं, ते मोफत आहे. लोगो, चिन्हं, वेबसाइटवरची चित्रं असतील तर इंकस्केप, तेही मोफत. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल, किंवा कोणी पाठवलेली पीएसडी (फोटोशॉपची फाइल) उघडून एक शब्दच बदलायचा असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी बघा. त्यात फोटोशॉपच्या लेअर स्टाइल उघडतात आणि बदलताही येतात.

इंकस्केपमधून पीडीएफ काढणार असाल तर एक ध्यानात ठेवा: ब्लर असलेले भाग पीडीएफमध्ये पिक्सेलच्या चित्रात बदलले जातात. सेव्ह करतानाच्या खिडकीत त्यासाठीचं रिझोल्यूशन मागतात. छपाईला द्यायचं असेल तर तिथे ३०० लिहा, नाहीतर कडक अक्षरांमागे दाणेदार सावली छापून येईल.