आयक्लाउडचं ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन: पुण्यात पाच स्टार, लंडनमध्ये शून्य

सेटिंग भारी आहे, फुकट आहे, आयफोनवाले असाल आणि भारतात राहत असाल तर आजच चालू करून टाका. बाकीचं रामायण यूकेचं, कारण मी लंडनमध्ये राहतो आणि इथे ते नव्याने चालूच करता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयमेसेज, फेसटाइम एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे दोन टोकांची माणसं सोडून ते कोणालाच, ॲपललाही, वाचता-ऐकता येत नाहीत, पण आयक्लाउडवरचा (ॲपलच्या ऑनलाइन स्टोरेजमधला) बॅकअप, फोटो, नोट्स यांची किल्ली एरवी ॲपलकडेही असते, म्हणजे पोलीस कोर्टाचा कागद घेऊन आले तर ॲपल उघडून देऊ शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत हे फीचर आलं, मग २०२३ मध्ये बाकी देशांत, आणि ते चालू केलं की किल्ली फक्त तुमच्याच डिव्हाइसेसवर राहते. तेव्हा १४ प्रकारचा डेटा आधीच असा कुलूपबंद होता, यामुळे आकडा २३ वर गेला. मेल, कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर अजून बाहेरच आहेत, एक स्टार त्यासाठी कापायचा विचार होता पण जाऊ दे.

भावाला पुण्यात व्हिडिओ कॉलवर सेटअप करून दिलं. सगळी डिव्हाइसेस अपडेटेड लागतात, घरात एखादा जुना आयपॅड लॉगिन असेल तर आधी त्याला बाहेर काढा. २८ अक्षरांची रिकव्हरी की मिळते ती कागदावर लिहून कपाटात ठेवा, फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका राव. पासकोड विसरलात आणि ती कीही हरवली तर ॲपलच्या पाया पडून काही होणार नाही, खरंच त्यांच्याकडे काही नसतं.

आता यूके. फेब्रुवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने बातमी फोडली की ब्रिटिश सरकारने २०१६ च्या इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्टखाली ॲपलला गुपचूप आदेश दिलाय, क्लाउडमधला एन्क्रिप्टेड डेटा आम्हाला मिळाला पाहिजे, आणि तोही नुसता ब्रिटनवाल्यांचा नाही तर जगभरचा, म्हणजे माझ्या भावाचाही. असा आदेश आला हे कंपनीने बाहेर बोलायचंही नाही असा कायदा आहे, आणि होम ऑफिस (इथलं गृहखातं) विचारलं तर हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. ॲपलने सरकारसाठी मागचं दार (कुलूप चुकवून आत शिरायची वाट) बनवण्याऐवजी २१ फेब्रुवारीला यूकेत फीचरच काढून घेतलं. गंमत बघा, ज्यांनी आधीच चालू केलं होतं त्यांचं ॲपलला स्वतःहून बंद करता येईना, त्यांना सांगावं लागलं की तुम्हीच बंद करा. कुलूप खरं आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

सरकारचं म्हणणं, लहान मुलांचं शोषण करणारे आणि अतिरेकी यामागे लपतात. लपतात ना, ते कोण नाकारतंय. पण सोसायटीच्या प्रत्येक फ्लॅटची डुप्लिकेट चावी वॉचमनकडे ठेवली तर चोराला फक्त वॉचमनची केबिन फोडायची असते. अमेरिकेत २०२४ मध्ये सॉल्ट टायफून नावाच्या चिनी हॅकर्सच्या ग्रुपने टेलिकॉम कंपन्यांमध्ये घुसून पोलिसांच्या कायदेशीर फोन टॅपिंगसाठी असलेल्या सिस्टिमपर्यंत हात घातला होता, आणि नंतर तिथलेच सरकारी अधिकारी लोकांना सांगत होते की एन्क्रिप्टेड मेसेजिंग वापरा!

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या गुप्तचर प्रमुख तुलसी गबार्ड यांनी जाहीर केलं की ब्रिटनने मागणी सोडली. ऑक्टोबरमध्ये बातमी, नवा आदेश निघालाय, फक्त ब्रिटिश युजर्सपुरता. म्हणजे अमेरिकनांची सुटका आणि आम्ही इथे टॅक्स भरणारे लटकलेले.

आणि भारतातल्यांनी लगेच हसू नका. सप्टेंबर २०१५ मध्ये आपल्याकडच्या एन्क्रिप्शन पॉलिसीच्या मसुद्यात होतं की एन्क्रिप्ट केलेल्या मेसेजची साधी वाचता येणारी कॉपी ९० दिवस जपून ठेवा. बोंबाबोंब झाली म्हणून लगेच मागे घेतला. २०२१ च्या आयटी नियमांमध्ये मूळ मेसेज कोणी पाठवला ते शोधून द्यायची अट आली, त्यावर व्हॉट्सॲप दिल्ली हायकोर्टात गेलं.

यूकेतल्या मराठी मंडळींसाठी तोपर्यंतचा जुगाड: आयक्लाउड बॅकअप बंद करा, फोन कॉम्प्युटरला लावून लोकल बॅकअप घ्या आणि एन्क्रिप्टची टिक करायला विसरू नका. फोटो मात्र वेगळे सिंक होतात, ते सेटिंग वेगळं बंद करावं लागतं.