एलईडी इंडिकेटरसाठी बदललेला फ्लॅशर रिले : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरमध्ये माझ्या १५० सीसीच्या मोटारसायकलीचे चारही जुने इंडिकेटर काढून एलईडीचे बसवले आणि बटण दाबताच ते मिनिटाला १८० च्या आसपास, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून अधिक वेगाने लुकलुकू लागले. मोबाइलवर चित्रीकरण करून मी ही मोजणी केली होती. वाहनांच्या मानकांत मिनिटाला ६० ते १२० ही मर्यादा आहे आणि तिला व्यवहारात अर्थ आहे. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला वळण्याचा इशारा एका नजरेत कळला पाहिजे. भर उन्हात अतिवेगाने लुकलुकणारा लहान दिवा नुसता थरथरल्यासारखा दिसतो.

इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या मूळ फ्लॅशर रिलेवर ‘१० वॅटचे दोन बल्ब’ असा भार छापलेला होता. एका बाजूचे पुढचे आणि मागचे बल्ब मिळून २० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर प्रवाह त्यातून जात असे. नव्या एलईडीचे दोन दिवे मिळून जेमतेम ३ वॅट घेतात, म्हणजे पाव अँपिअर. त्या रिलेची गती वाहणाऱ्या प्रवाहावर ठरत असल्यामुळे एवढा कमी प्रवाह दिसताच, एखादा बल्ब गेल्यावर जसा तो घाई करतो, तशीच घाई तो येथेही करत होता. थोडक्यात, दिव्यांत दोष नव्हता आणि रिलेतही नव्हता, दोघांचा मेळ नव्हता.

गॅरेजमध्ये मला पहिला उपाय सुचवला गेला तो रेझिस्टरचा, म्हणजे जादा प्रवाह घेऊन रिलेवरचा भार वाढवण्याचा. १० ओहमचा, १० वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर प्रत्येक बाजूच्या दिव्यांना समांतर जोडला आणि गती खरोखरच ताळ्यावर आली. मात्र इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ पर्यंत जाते आणि त्या व्होल्टेजला तो रेझिस्टर पेटत्या क्षणी जवळजवळ २० वॅट उष्णतेत घालवतो. निम्मा वेळ दिवा विझलेला असतो हे धरले तरी सरासरी १० वॅट, म्हणजे त्याच्या क्षमतेची अगदी कड. तीन आठवड्यांनी साइड पॅनेल उघडले तेव्हा इन्सुलेशन टेप वितळून शेजारच्या वायरीला चिकटली होती. शिवाय एलईडी बसवून वाचवलेली वीज अशा रीतीने पुन्हा जाळून टाकणे मला मुळातच पटत नव्हते. त्याच दिवशी दोन्ही रेझिस्टर काढले. ज्यांनी ते बसवले असतील, त्यांनी निदान ते धातूच्या पट्टीवर, वायरी आणि प्लास्टिकपासून दूर आहेत ना, एवढे जरूर तपासावे.

त्यानंतर पुण्याच्या नाना पेठेतून एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक रिले आणला. त्याची गती भारावर अवलंबून नसते, आतले सर्किटच ती ठरवते. माझा जुना रिले दोन पिनांचा होता, तर नव्याला तिसरी, अर्थिंगची काळी वायर आहे. ती मी चॅसिसच्या बोल्टला जोडली, परंतु बोल्टखालचा रंग न खरवडल्यामुळे दिवे मध्येच अडखळत होते. रंग खरवडून उघड्या धातूवर वायर आवळताच हे अडखळणे थांबले. अशा रिलेत बॅटरीकडची आणि दिव्यांकडची वायर उलटसुलट चालत नाही, म्हणून सॉकेट काढण्यापूर्वीच त्यांची खूण करून ठेवावी.

एवढे करूनही एक अडचण उरली आणि बहुतेक जण येथेच गोंधळतात : डावे बटण दाबले की चारही दिवे लुकलुकत. माझ्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच हिरवा दिवा आहे आणि तो डाव्या व उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला आहे. पूर्वी त्याचा प्रवाह समोरच्या बाजूच्या बल्बमधून अर्थिंगला जाई, पण तेवढ्याशा प्रवाहाने १० वॅटचा बल्ब पेटत नसे. एलईडीला मात्र तेवढा प्रवाह पुरतो. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे ‘१एन४००७’ जातीचे दोन डायोड, पांढऱ्या पट्ट्यांची टोके हिरव्या दिव्याकडे ठेवून, दोन वायरींवर एकेक असे जोडले आणि दोन्ही टोके दिव्याच्या एकाच पिनेवर आणली. दुसरी पिन अर्थिंगला दिली. सोल्डर करून वर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवली. खर्च काही रुपयांचा, पण वेळ मात्र अख्खी दुपार.

तेव्हापासून डिसेंबरच्या पहाटे, मे महिन्याच्या दुपारी आणि भर पावसात खंबाटकी घाट ओलांडल्यानंतर अशी तीन वेळा मोजणी केली. दर वेळी मिनिटाला ८२ ते ८५ हाच आकडा आला. सिग्नलवर इंजिन मंद चालत असताना जुने बल्ब फिके पडत, एलईडी पडत नाहीत. जुलैमध्ये रिलेच्या सॉकेटमधील पिनांवर हिरवट गंज धरलेला दिसला, तो साफ करून पेट्रोलियम जेली लावली आणि सॉकेटचे तोंड खाली वळवले.

या रिलेची एक उणीव मला गंभीर वाटते. मागच्या डाव्या इंडिकेटरमधील एलईडी पूर्ण बंद पडल्या, तरी रिलेची गती आणि मीटरमधला हिरवा दिवा जसेच्या तसे राहिले. कार्यालयातील एका सहकाऱ्याने सांगितले नसते, तर मी आणखी कित्येक दिवस इशाऱ्याविनाच डावीकडे वळत राहिलो असतो. जुन्या रिलेची घाई ही खरे तर चालकाला मिळणारी सूचना होती आणि ती मी स्वतःच्या हाताने काढून टाकली आहे. आता दर रविवारी गाडी पुसताना चारही दिवे लावून पाहतो. नवा दिवा मिळेपर्यंत त्या जागी जुना १० वॅटचा इंडिकेटर बसवला होता. बाजूच्या एका टोकाला एलईडी आणि दुसऱ्या टोकाला साधा बल्ब असतानाही मोजणी ८४ च आली.