पीएस-२ चे गेम परत खेळायचेत: जुनं मशीन काढावं का पीएस-५ वरच भागवावं?

पीएस-२ (सोनीचा जुना प्लेस्टेशन २, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) च्या काळातले गेम परत खेळावेसे वाटायला लागले की प्रश्न एकच येतो, माळ्यावरचं मशीन खाली काढायचं (किंवा सेकंडहँड घ्यायचं) का घरात पीएस-४, पीएस-५ आहे तर त्यावर जे मिळतं तेच खेळायचं. माझ्याकडे सध्या दोन्ही लावलेले आहेत आणि दोन्हीवर भरपूर खेळून झालंय, म्हणून लिहितोय. कॉन्फिगरेशन वगैरे तुम्हाला माहितीच असणार, त्यात जात नाही.

आधी नवीन कन्सोल, कारण सोपं तेच आहे. वायरी नाहीत, चित्र स्वच्छ, पाहिजे तिथे सेव्ह करा, बऱ्याच जुन्या गेममध्ये तर चुकलं की खेळ थोडा मागे न्यायची सोय पण दिलीये, म्हणजे ऑफिसवरून येऊन अर्धा तास खेळणाऱ्या माणसाला हेच बरं. फक्त एक लक्षात घ्या की पीएस-५ मध्ये पीएस-२ ची डिस्क घालून काही होत नाही, ती पीएस-४ च्या मागे जातच नाही. म्हणजे जुन्या डिस्क असून नसल्यासारख्या, गेम परत विकत घ्या नाहीतर प्लेस्टेशन प्लसचं (सोनीची वर्गणी भरून गेम खेळायची योजना) सबस्क्रिप्शन घ्या. आणि आपल्याकडे प्लसचा वरचा प्लॅन डीलक्स आहे, प्रीमियम नाही. प्रीमियममध्ये जे पीएस-३ चे गेम स्ट्रीमिंगवर चालतात ते डीलक्समध्ये येत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून पैसे भरू नका, आधी आपल्या स्टोअरची यादी नीट बघा.

काही गेम मात्र मी डोळे झाकून नवीनवरच खेळा म्हणेन. शॅडो ऑफ द कोलोसस २००५ चा, पण तो पीएस-२ ला खरंच झेपत नव्हता, राक्षस हलायला लागला की फ्रेम गळायच्या, म्हणजे चित्र अडखळायचं. २०१८ मध्ये पीएस-४ साठी तो पूर्ण नव्याने केला आणि फार मनापासून केलाय. रेसिडेंट ईव्हिल ४ चं पण तसंच, २०२३ चा घ्या, जुन्याचा हट्ट मी तरी धरणार नाही.

पण आपल्यापैकी बहुतेकांना खरं काय खेळायचं असतं, तर क्रिकेट. क्रिकेट ०७, ब्रायन लारा २००७. आणि हे नवीन कन्सोलवर कुठेच नाहीत, ना स्टोअरवर ना सबस्क्रिप्शनमध्ये, बहुतेक लायसन्सच्या भानगडीमुळे असेल. म्हणजे इथे तुलना जवळजवळ संपतेच, पण तरी थांबा, कारण पीएस-२ नुसता काढून चालत नाही, तो कुठल्या टीव्हीला लावताय त्यावर सगळं आहे आणि माझा निर्णय तिथेच झाला.

पीएस-२ मी आधी हॉलमधल्या मोठ्या एलईडीला लावला. चित्र पुसट येणार ही अपेक्षा होतीच, त्याचं काही नाही, डोळे सरावतात. पण बॅटिंगला आलो आणि बॅट उशिरा. क्रिकेट ०७ मध्ये उजव्या स्टिकवर टायमिंग असतं, बॉल टप्पा पडून वर येताना स्टिक ढकलायची, हाताला ते अजून पाठ आहे, आणि समोर बॅट्समन एवढासा उशीर करतोय, प्रत्येक बॉलला, चौका जायचा तो मिडऑफच्या हातात. जुना कन्सोल चित्र अर्ध्या अर्ध्या ओळींमध्ये पाठवतो, नवीन टीव्ही आधी ते दोन अर्धे जोडतो, मग ओढून मोठ्या पॅनेलच्या मापाचं करतो आणि मग दाखवतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० चित्रं) गेममध्ये एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, म्हणजे टीव्हीने दोन-चार फ्रेम जरी खाल्ल्या तरी यॉर्कर संपला. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड (उशीर कमी करणारा) लावून बघा, काही टीव्हीवर फरक पडतो म्हणतात, माझ्या टीव्हीवर एव्हीच्या पिनेला त्याचा काही उपयोग दिसला नाही. एव्हीचं एचडीएमआय करणारी ती छोटी स्वस्त डबी पण लावून पाहिली, चित्र आलं, उशीर तसाच. चांगले अपस्केलर (जुनं चित्र नवीन टीव्हीच्या मापाचं करणारी डबी) मिळतात आणि ते काम पण करतात, पण त्यांची किंमत सेकंडहँड पीएस-२ च्या वर जाते.

मग जुना डब्बा टीव्ही आणला, २१ इंची. सिग्नल आला की ओळीमागून ओळ लगेच काचेवर, मध्ये थांबायची भानगड नाही. पहिल्याच ओव्हरमध्ये कव्हर ड्राइव्ह बसला आणि मला दुसरं काही मोजायची गरज वाटली नाही. मोजमाप करणारे लोक आहेत, त्यांचे आकडे वेगळे असतील, पण हाताला कळतं ते कळतं. टेक्कन या मारामारीच्या गेममध्ये पण तोच फरक. आणि तुमच्याकडे टाइम क्रायसिस या नेमबाजीच्या गेमची गन पडलेली असेल तर ती फक्त डब्बा टीव्हीवरच चालते, एलईडीवर तिला निशाणाच कळत नाही.

अजून एक गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. पीएस-२ च्या कंट्रोलरची बटणं दाब ओळखायची. ग्रॅन टुरिस्मोमध्ये एक्स हलकं दाबलं तर गाडी हलकी पळणार, मेटल गिअरमध्ये चौकोन हळूच सोडला तर गोळी न सुटता बंदूक खाली येणार. पीएस-४ पासून कंट्रोलरच्या त्या बटणांमधून ते गेलं.

जुन्याचा त्रास आहेच, नाही असं नाही. डब्बा टीव्ही तिसऱ्या मजल्यावर न्यायला दोन माणसं लागतात आणि तो ठेवायचा कुठे यावर घरात चर्चा होते. मेमरी कार्ड ८ एमबीचं, डुप्लिकेट घेतलं तर सेव्ह उडायची भीती. काही गेम आपल्याकडच्या डिस्कवर थोडे संथ पळतात, सुरुवातीला ६० हर्ट्झ विचारलं तर हो म्हणा, मात्र टीव्हीला ते झेपतंय का बघा. वायरी वगैरे पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधल्या की मिळतात.

तर अगदीच जागा नसेल किंवा नुसत्या स्टोरीवाले गेमच खेळायचे असतील तर पीएस-५ वर खुशाल राहा, काही बिघडत नाही. पण ज्या गेममध्ये टायमिंग आहे त्यातला एक जरी परत खेळायचा असेल तर मला वाटतं पीएस-२ आणि डब्बा टीव्ही, जोडीनेच घ्या, एकटा पीएस-२ घेऊन एलईडीला लावणार असाल तर नका घेऊ. सेकंडहँड बघायला जाताना दोन प्रकारच्या डिस्क बरोबर न्या, एक मागून निळी असलेली सीडी आणि एक चंदेरी डीव्हीडी. लेन्स थकली की पुष्कळदा यातला एकच प्रकार वाचते आणि विकणारा नेमकी तीच डिस्क आत घालून दाखवतो.