सहा रविवार, सहा लढाया: पंधराशे रुपये वसूल झाले का?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये जुलै-ऑगस्टचे सहा रविवार ‘युद्ध फिरवणाऱ्या लढाया’ ही व्याख्यानमाला ऐकून आलो. फी १,५०० रुपये, ज्येष्ठांना १,२००. मी आधारकार्ड काढून दाखवलं, तर टेबलावरचा मुलगा म्हणाला, “काका, सवलत फक्त ऑनलाइन भरणाऱ्यांना.” पूर्ण पंधराशे मोजले. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुठे कडवट लागलो तर कारण माहीत असावं.

मी रेल्वेच्या मालवाहतुकीत छत्तीस वर्षं काढली. सुरुवात मनमाडला, शेवट तुर्भ्याच्या मालधक्क्यावर. त्यामुळे कुठलीही लढाई दाखवा, मी आधी रसद कुठल्या वाटेनं येतेय ते बघतो. आमची ही म्हणते, महाभारत बघतानासुद्धा तुम्ही हत्तींचा चारा मोजाल.

पहिला रविवार पानिपतचा. खुर्च्या कमी पडल्या, निम्मे लोक भिंतीला टेकून. वक्त्यांचा आवाज खणखणीत. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, रिकामी अंबारी बघून फौजेचा धीर सुटला, असं सगळं त्यांनी उभं केलं. डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. पण दीड तासातला सव्वा तास १४ जानेवारी १७६१ च्या त्या एका दुपारीच गेला. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतला, तिथलं धान्य हाती लागलं. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तोडून बसला. अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातून, रसद आणि पैसा पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. म्हणजे दोन-अडीच महिने छावणी उपाशी होत चाललेली. हे सगळं एका दमात, जाता जाता. प्रश्नोत्तरांत चरईतल्या एक आजी उठल्या आणि विचारलं, “एवढ्या घोड्यांना वैरण कुठून आणत होते?” सबंध सकाळीतला सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर मिळालं, “हाल होते हो फार.” आजी बसल्या.

दुसरा रविवार अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या गेटिसबर्गचा. मेगाब्लॉक. मी कळव्याला राहतो, ठाणं एक स्टेशन, पण त्या दिवशी खाडीपुलावर रिक्षात पाऊण तास. पोचलो तेव्हा ३ जुलै १८६३ उजाडली होती आणि दक्षिणेच्या जनरल पिकेटचे लोक उघड्या मैदानातून निघालेही होते. दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग पडलं आणि ती अख्खी नदी उत्तरेच्या ताब्यात जाण्याची वाट मोकळी झाली, याचा उल्लेख समारोपात एकदा झाला. माझ्या हिशेबात व्हिक्सबर्ग वर.

तिसरा रविवार पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या मार्नचा. त्याबद्दल फार लिहीत नाही. १९१४ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या टॅक्स्यांनी सैनिक आघाडीवर नेले, ही गोष्ट सगळ्यांना आवडते. टॅक्स्या सहाशेच्या आसपास, माणसं काही हजार. पण फ्रेंच सेनापती जॉफ्रनं पूर्वेकडच्या डिव्हिजन काढून पॅरिसकडे आणल्या त्या आगगाडीनं. फोटो मात्र टॅक्सीचा. नोकरीभर हेच बघत आलोय.

चौथ्या रविवारी, पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईला, प्रोजेक्टरनं दगा दिला. वीस मिनिटं पडद्यावर नुसता निळा उजेड, त्याला आम्ही पॅसिफिक समजून घेतलं. वक्ते म्हणाले, ४ जून १९४२ ला सकाळी पाच मिनिटांत तीन जपानी विमानवाहू जहाजं पेटली आणि युद्ध फिरलं. पेटली हे खरं. संध्याकाळी चौथंही गेलं. पण ती पेटवणारी अमेरिकन विमानं तिथे पोचली कशी? जपानी सांकेतिक संदेशांत ‘एएफ’ म्हणजे मिडवेच का, हे ताडायला अमेरिकनांनी ‘आमचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलंय’ असा खोटा संदेश उघडपणे सोडला आणि जपान्यांनी लगेच कळवलं की ‘एएफ’ला पाण्याची टंचाई आहे. आणि ‘यॉर्कटाउन’ हे जहाज, ज्याच्या दुरुस्तीला महिनोन् महिने लागतील असं म्हणत होते, ते पर्ल हार्बरच्या गोदीतून तीन दिवसांत बाहेर काढलं. माझ्या शेजारी कुर्ला कारशेडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. ते ऐकून हळूच म्हणाले, “तीन दिवस? आमच्याकडे तेवढ्यात जॉबकार्ड निघायचं.”

आता पाचवा रविवार. खरं तर तो शनिवारी रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर रद्द झाला आणि पुढच्या आठवड्यावर गेला. ज्यांनी मेसेज बघितला नाही ते सकाळी येऊन बंद दारापुढे उभे राहिले, त्यात मी. पण जेव्हा झाला तेव्हा सगळं माफ केलं. विषय स्टालिनग्राड. वक्त्यांनी प्रोजेक्टर बाजूलाच ठेवला. टेबलावर मधोमध स्टीलचा तांब्या ठेवला: ही जर्मन जनरल पॉलसची सहावी आर्मी. दोन्ही अंगांना चहाचे रिकामे कागदी कप: या जर्मनांच्या बाजूनं लढणाऱ्या रोमानियाच्या तिसऱ्या आणि चौथ्या आर्म्या, रणगाडे फोडायला पुरेशा तोफा नसलेल्या. “१९ नोव्हेंबर १९४२, रशियन हल्ला,” म्हणत त्यांनी उत्तरेच्या कपावर अंगठा दाबला. कप चुरगळला. “२० नोव्हेंबर,” दक्षिणेचा चुरगळला. मग दोन्ही हात तांब्याभोवती नेऊन बोटं जुळवली: “२३ तारीख, कलाच गाव. वेढा पूर्ण.” हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा.

मी हात वर केला. म्हटलं, जर्मनांचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,४३५ मिलिमीटर, रशियाचं १,५२४. फरक ८९ मिलिमीटरचा, म्हणजे साडेतीन इंच. त्याचं काय? त्यांनी सरळ माइकच माझ्याकडे दिला. “बोला काका.” मग मी मनमाडचं सांगितलं. तिथे तेव्हा औरंगाबादकडची लाइन मीटरगेज होती. एका बाजूला ब्रॉडगेजची वाघीण, दुसऱ्या बाजूला मीटरगेजची, मधे हमाल, आणि प्रत्येक पोतं पाठीवरून जायचं. साडेतीन इंच म्हणजे काय, ते ज्यानं पोतं मोजलंय त्याला विचारा. जर्मनांनी मैलोन् मैल रूळ सरकवून आपल्या मापाचे केले, तरी हिवाळ्यात इंजिनांचे पाइप फुटायचे.

वक्त्यांनी धागा उचलला. वेढ्यात अडीच लाखांहून जास्त माणसं. गरज रोजची कमीत कमी ३०० टन. जर्मन वायुदलाचा प्रमुख गोअरिंगनं विमानांनी पुरवतो म्हणून शब्द दिला आणि प्रत्यक्षात सरासरी रोज शंभरेक टन उतरले. मी मनात भागाकार केला. आमच्या एका बंद वाघिणीत साठेक टन बसतात. शंभर टन म्हणजे दोन वाघिणीसुद्धा पुऱ्या भरत नाहीत. अडीच लाखांच्या वर माणसं, त्यांचं इंधन, दारूगोळा, पाव, सगळं पावणेदोन वाघिणींत. तुर्भ्याला एवढा माल मी दुपारच्या डब्याआधी उतरवून घेतलाय. २ फेब्रुवारी १९४३ ला शेवटचे लोक शरण आले, पण त्या भागाकारानंतर मला ती तारीख ऐकायची गरज राहिली नव्हती.

शेवटचा रविवार इंफाळ-कोहिमा, १९४४. वक्त्या तिशीतल्या, कागद न बघता बोलणाऱ्या. मार्चमध्ये सांगशाकला पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती आणि त्यांनी जपान्यांचे मोलाचे दिवस खाल्ले, हे ऐकताना मागच्या रांगेतून टाळी आली. जपानी जेमतेम तीन आठवड्यांचं अन्न घेऊन निघाले होते; पुढचं इंग्रजांच्या कोठारांतून लुटू, हा बेत. सगळ्यात मोठं कोठार दिमापूरला, कोहिमापासून सत्तरेक किलोमीटरवर, तिथवर ते पोचलेच नाहीत. आणि दिमापूरला माल यायचा तो ब्रह्मपुत्रा ओलांडून मीटरगेजनं. मी खुर्चीत नीट सावरून बसलो. जपानी जनरल सातोनं शेवटी वरचा हुकूम मोडून आपली डिव्हिजन मागे घेतली, कारण तिला खायला काही नव्हतं. २२ जूनला इंफाळचा रस्ता उघडला.

बाकी: नकाशांच्या झेरॉक्स इतक्या काळ्या की व्होल्गा कुठली आणि घडी कुठली कळत नाही. चहा चांगला, दोनदा मिळतो. दुचाकीला जागा आहे, चारचाकी आणू नका. तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसा, बाकी पंखे नुसते फिरतात. पानिपतसाठी पैसे देऊ नका, स्टालिनग्राड आणि कोहिमासाठी द्या. पण सुटी तिकिटं विकत नाहीत, सहाही घ्यावी लागतात.

पाचांपैकी साडेतीन. दिवाळीनंतर वेढ्यांवर मालिका आहे म्हणतात. या खेपेला मुलाकडून ऑनलाइन भरून घेतलेत, बाराशे.