ब्लॅकहॉल प्लेस की हेन्रिएटा स्ट्रीट? आयर्लंडमध्ये सॉलिसिटर व्हावं की बॅरिस्टर

पुण्या-मुंबईत एलएलबी झालं, मग एलएलएमसाठी किंवा लग्नानंतर डब्लिनला येणं झालं, आणि आता इथेच वकिली करायची आहे. अशा माणसापुढे पहिला प्रश्न हाच येतो. भारतात सनद मिळाली की सल्लाही देता येतो आणि कोर्टात उभंही राहता येतं. आयर्लंडमध्ये मात्र सुरुवातीलाच दोन वेगळे दरवाजे आहेत: अशिलाला थेट सल्ला देणारा आणि त्याची कागदपत्रं बघणारा सॉलिसिटर, आणि मुख्यतः कोर्टात बाजू मांडणारा बॅरिस्टर. सॉलिसिटर घडवण्याचं काम लॉ सोसायटी ऑफ आयर्लंड करते. तिचं ठिकाण ब्लॅकहॉल प्लेस, जुन्या ब्लू कोट शाळेची देखणी इमारत. बॅरिस्टर तयार होतात हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या किंग्ज इन्समध्ये. ही संस्था 1541 पासूनची आहे.

माझं मत आधीच सांगते. घरचा आर्थिक आधार नसेल आणि इथल्या वकिलांमध्ये ओळखीपाळखी नसतील, तर सोसायटीची वाट धरा. कारण प्रतिष्ठेचं नाही, पैशाचं आणि व्हिसाचं आहे.

सोसायटीच्या वाटेवर आधी एफई-1 या प्रवेश परीक्षा. विषय आठ: कंपनी कायदा, राज्यघटना, करार, फौजदारी, इक्विटी (ट्रस्टसारख्या गोष्टींचे न्यायबुद्धीवर आधारलेले नियम), युरोपीय संघाचा कायदा, मालमत्ता आणि टॉर्ट (निष्काळजीपणासारख्या चुकांच्या नुकसानभरपाईचा कायदा). प्रत्येकात 50 टक्के हवेत. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. पदवी कायद्याचीच हवी असं नाही, पण परदेशी पदवी समकक्ष असल्याचं सोसायटीकडून मान्य करून घ्यावं लागतं. भारतात दहा वर्षं वकिली केली असली तरी हे आठ पेपर सहसा चुकत नाहीत. न्यूयॉर्क किंवा न्यूझीलंडच्या वकिलांना वेगळ्या ट्रान्सफर परीक्षेची सोय आहे, भारताच्या सनदेला ती नाही.

खरी अडचण मात्र पेपर नव्हेत, ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळवणं आहे. एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली दोन वर्षांचं प्रत्यक्ष काम आणि त्याच्या जोडीला ब्लॅकहॉलचा प्रोफेशनल प्रॅक्टिस कोर्स, असा हा टप्पा असतो. आर्थर कॉक्स, मॅथेसन, ए अँड एल गुडबॉडी यांच्यासारख्या मोठ्या फर्म कोर्सची फी भरतात आणि पगारही देतात, पण तिथली स्पर्धा तीव्र असते आणि निवड बऱ्याचदा इंटर्नशिपमधूनच होते. म्हणून एफई-1 चे सगळे पेपर सुटेपर्यंत अर्ज लांबणीवर टाकू नका. गावातल्या छोट्या ऑफिसांचाही विचार करा. तिथे घरखरेदी, मृत्युपत्रं, वारसा, अपघाताचे दावे असं सगळं हाताखालून जातं आणि माणूस लवकर तयार होतो. मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीच्या सॉलिसिटर परीक्षेसाठी आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरकडे उमेदवारी, केलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

किंग्ज इन्सची वाट कागदावर लहान दिसते. प्रवेश परीक्षेत पाच विषय: करार, फौजदारी, आयरिश राज्यघटना, टॉर्ट आणि पुराव्याचा कायदा. नंतर बॅरिस्टर-अ‍ॅट-लॉ ही पदवी, पूर्णवेळ एक वर्ष किंवा नोकरी सांभाळून दोन वर्षं. तुमची कायद्याची पदवी त्यांनी मान्य केलेल्यांपैकी नसेल, तर त्याआधी डिप्लोमा. शिकताना जेम्स गँडनने आराखडा केलेल्या त्या इमारतीत ज्येष्ठांबरोबर ठरावीक वेळा जेवणंही करावी लागतात. परंपरा म्हणून मला ती आवडतात, आणि नवख्या माणसाला चार ओळखी तिथेच होतात.

अवघड भाग पदवीनंतर येतो. अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली किमान वर्षभर डेव्हिलिंग, म्हणजे उमेदवारी, करायचं. संशोधन, मसुदे, फोर कोर्ट्समध्ये (डब्लिनच्या मुख्य न्यायालय-संकुलात) दिवसभर मागे-मागे राहणं, आणि या सगळ्याचा पगार नाही. त्यानंतरही बॅरिस्टर स्वतंत्र व्यावसायिकच. कोर्टाच्या कामात अशील त्याच्याकडे सॉलिसिटरमार्फत येतो, म्हणजे सॉलिसिटर मंडळी तुम्हाला ओळखत नसतील तर टेबल रिकामं. इथेच शाळा-कॉलेज केलेल्यांना ती ओळख आपसूक असते. आपल्याला ती उभी करावी लागते, आणि तोवर डब्लिनचं घरभाडं काही थांबत नाही.

व्हिसाचं तर आधी बघा. इथे राहण्याची परवानगी वेगवेगळ्या ‘स्टॅम्प’वर मिळते. स्टॅम्प 1जी वर (तो मुख्यतः इथे शिकलेल्या पदवीधरांना नोकरी शोधण्यासाठी मिळतो) स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. नोकरीच्या परमिटवरचा स्टॅम्प 1 तुम्हाला ठरावीक मालकाशी बांधतो. परमिटशिवाय नोकरी-व्यवसाय करू देणारा स्टॅम्प 4 किंवा नागरिकत्व हाती नसेल, तर बॅरिस्टर होण्याचा विचार सध्या बाजूला ठेवलेला बरा.

रोजच्या कामातही फरक मोठा आहे. सॉलिसिटर अशिलाचे पैसे सांभाळतो, त्यामुळे सोसायटीची नजर कडक असते. दरवर्षी प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट, विमा, हिशेबांची तपासणी. एखाद्या सॉलिसिटरने अप्रामाणिकपणे पैसे बुडवलेच, तर अशिलासाठी भरपाई निधी असतो. या कामाबद्दल मला सोसायटीविषयी मनापासून आदर आहे. बॅरिस्टरकडे अशिलाचे पैसे नसतात, त्यामुळे हा व्यापही नसतो. तक्रारींच्या बाबतीत मात्र दोघे आता सारखेच: 7 ऑक्टोबर 2019 पासून त्या लीगल सर्व्हिसेस रेग्युलेटरी अथॉरिटी या नियामक संस्थेकडे जातात. त्याआधी सॉलिसिटरविरुद्धच्या तक्रारी सोसायटीच बघायची, म्हणून जुनी माहिती वाचताना जपून.

बॅरिस्टर या उपाधीचं आपल्याकडे अजून वलय आहे, घरच्यांना ती सांगायला आवडते. पण कोर्टात उभं राहण्याची हौस असेल तर सॉलिसिटर झाल्यानेही ती मारावी लागत नाही. 1971 च्या कोर्ट्स अ‍ॅक्टपासून सॉलिसिटरना सर्व न्यायालयांत बाजू मांडण्याचा अधिकार आहे. वरच्या कोर्टांत बहुतेक जण बॅरिस्टरलाच पुढे करतात, पण डिस्ट्रिक्ट कोर्टात (इथलं ते सर्वांत खालचं कोर्ट) सॉलिसिटर रोज उभे असतात. ज्याला अपिलातले गुंतागुंतीचे मुद्दे लढवायचेत, एकट्याने काम करायला आवडतं आणि दोन-तीन वर्षं तुटपुंज्या कमाईवर काढता येतील, त्याने मात्र बिनधास्त हेन्रिएटा स्ट्रीट गाठावं.

अजूनही ठरत नसेल, तर करार, फौजदारी, राज्यघटना आणि टॉर्ट या चार विषयांपासून अभ्यास सुरू करा. ते दोन्हीकडे लागतात.