नाका ते रुग्णालय: ‘रोड टू रिकव्हरी’ची सेवा कशी आहे

इस्रायली आणि पॅलेस्टिनी माणसं जवळ यावीत म्हणून चाललेल्या कामात बैठका, शिबिरं, चर्चा पुष्कळ आहेत. ‘रोड टू रिकव्हरी’ ही इस्रायली स्वयंसेवी संस्था, हिब्रूत ‘बदेरेख लेहखलामा’. हिचं काम मात्र साधं, गाडीचं आहे. वेस्ट बँकमधल्या रुग्णाला, बहुतेकदा लहान मुलाला, तपासणी नाक्यावरून इस्रायलमधल्या रुग्णालयात न्यायचं आणि परत नाक्यावर आणून सोडायचं. भाडं एक शेकेलही नाही.

गरज का पडते ते आधी समजून घ्यायला हवं. पॅलेस्टिनी नंबरपाटीच्या गाडीला इस्रायलमध्ये शिरता येत नाही. पिवळ्या पाटीची इस्रायली गाडीच लागते. टॅक्सी केली तर एका फेरीला शेकडो शेकेल जातात. डायलिसिसच्या मुलाला आठवड्यातून अनेकदा यावं लागतं, कॅन्सरवरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. उपचाराचा खर्च पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालय उचलतं, पण रस्त्यासाठी घरच्यांना पदरमोड करावी लागते. अनेकांचं गाडं तिथेच अडतं.

सुरुवात युवाल रोथ यांनी केली. त्यांचा भाऊ उदी याला 1993 मध्ये हमासनं पळवून ठार मारलं. पुढे युवाल दोन्ही बाजूंच्या शोकग्रस्त कुटुंबांच्या ‘पेरेंट्स सर्कल’ मंचात गेले. तिथल्या एका पॅलेस्टिनी सदस्यानं विचारलं, माझ्या भावाला हैफाच्या रांबाम रुग्णालयात सोडाल का? त्या एका फेरीपासून काम वाढत गेलं आणि 2010 मध्ये संस्था झाली.

सेवेची साखळी अशी: मंत्रालयाचं शिफारसपत्र आणि खर्चाची हमी, रुग्णालयाची तारीख, मग इस्रायली प्रशासनाचा परवाना, ज्याला सगळे ‘तसरीह’ म्हणतात. तो हातात आला की कुटुंब पॅलेस्टिनी समन्वयकाला कळवतं. त्याच्याकडून यादी इस्रायली समन्वयकांकडे जाते आणि स्वयंसेवक आपल्याला जमेल ती फेरी उचलतात. परवाना मिळवून देणं संस्थेच्या हातात नाही, हे नीट ध्यानात ठेवावं. पुष्कळदा अडतो तो सोबत येणाऱ्याचा परवाना. तरुण बापाला सुरक्षेचं कारण सांगून नकार मिळतो आणि मुलासोबत आजी येते. ती हिब्रू फलक वाचू शकत नाही, म्हणून तिला दारात उतरवून निघून जाणं पुरेसं होत नाही; विभागापर्यंत पोचवावं लागतं.

भेट होते नाक्याच्या इस्रायली बाजूला. जेनीनकडून येणाऱ्यांना जलामे, कल्किलियाचा एयाल, हेब्रोनकडचा तर्कुमिया. पहाटे मजुरांच्या रांगेतून, फिरत्या लोखंडी दारातून, कागद आणि ठसे तपासून माणूस बाहेर येतो. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, औषधांची पिशवी, कडेवर पेंगुळलेलं मूल. एयालहून पेताह तिक्वाचं श्नायडर बालरुग्णालय जवळ आहे. तर्कुमियाहून तेल हाशोमेरच्या शेबा रुग्णालयात जायला वाहतूक मोकळी असली तरी तासभर धरावा.

घोटाळे ठरलेले आहेत. सगळ्यांत फसवा घड्याळाचा. इस्रायल मार्चअखेर उन्हाळी वेळ लावतं. रमजान त्या सुमारास आला की पॅलेस्टिनी बाजू ती उशिरा लावते. मग काही आठवडे ‘सकाळी सहा’ म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळा होतात. निरोपात कोणाचे सहा, ते लिहायलाच हवं. दुसरा घोटाळा सीटचा: मुलाचं वय आणि वजन आदल्या रात्री विचारलं नाही तर पहाटे मुलाच्या मापाची सीट नसलेली गाडी येते. तिसरा सणांचा. ज्यू सणांना नाके बंद ठेवले जातात आणि हातातला परवानाही तेव्हा चालेलच असं नाही.

सेवेची कमजोर बाजू म्हणजे परतीची फेरी. सकाळची वेळ ठरलेली असते. रुग्णालयातून सुटका कधी होईल ते डॉक्टरच जाणोत. सकाळचा चालक तोवर घरी गेलेला असतो, दुसरा शोधावा लागतो आणि केमोथेरपी घेतलेलं पोर बाकावर ताटकळत बसतं. रुग्णालयाजवळ राहणाऱ्या स्वयंसेवकांची दुपारची वेगळी यादी असेल तर हे बरंच सावरतं. शिवाय ही रुग्णवाहिका नव्हे: गाडीत परिचारिका नसते, तब्येत नाजूक असेल तर तसं आधीच स्पष्ट सांगावं.

समेट म्हणून याचं मोल काय? पॅलेस्टिनी बाजूनं होणारी टीका खरी आहे: एक जण देतो, दुसरा घेतो आणि परवान्याची व्यवस्था होती तिथेच राहते. ‘तत्बीअ’, म्हणजे इस्रायलचा ताबा चालू असताना सगळं सुरळीत असल्यासारखं वागणं, हा आरोप पॅलेस्टिनी समन्वयकांना गावात झेलावा लागतो. तो भार इस्रायली चालकावर येत नाही. तरीही आम्ही ही सेवा वरच्या रांगेत ठेवतो. इथे कोणाला मत विचारत नाहीत; वेळेवर यायचं असतं, एवढंच. एकमेकांना फक्त सैनिक किंवा हल्लेखोर म्हणून ओळखणारी माणसं तासभर एका गाडीत बसतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसतात.

7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं इस्रायलवर हल्ला केला तेव्हा याची किंमत कळली. गाझाच्या रुग्णांना एरेझ नाक्यावरून नेणारे स्वयंसेवक ओदेद लिफ्शित्झ आणि हाइम पेरी गाझाच्या सीमेजवळच्या नीर ओझ वस्तीतून पळवले गेले. दोघांचाही कैदेत मृत्यू झाला. शांतता कार्यकर्त्या विवियन सिल्व्हर जवळच्याच बेएरी वस्तीत मारल्या गेल्या. एरेझची फेरी तेव्हापासून बंद आहे. वेस्ट बँकच्या फेऱ्या चालू राहिल्या, हे आम्हाला फार मोठं वाटतं.

नव्या चालकानं मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या आणि उलटीसाठी पिशव्या ठेवाव्यात, अत्तर लावू नये, रेडिओवर बातम्या लावू नयेत. अरबी येत नसेल तर एक शब्द पाठ करावा: मुलगा असेल तर ‘सलामतक’, मुलगी असेल तर ‘सलामतिक’. बरा हो, बरी हो.